यादीतल्या यादीत दुरुस्ती

संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कार्यालयात एक यादीचे पान असते. एका ओळीत एक नोंद, अशा पन्नास-शंभर ओळी, आणि प्रत्येक ओळीचे चार-सहा रकाने. यादीतली एखादी चूक दिसली तर ती तिथल्या तिथे, त्याच रकान्यात क्लिक करून सुधारता यावी का? की ती नोंद स्वतंत्र पानावर उघडावी, बदलावी, सेव्ह करावी आणि मग परत यादीवर यावे? वेब ॲप्लिकेशन बनवणाऱ्यांमध्ये हा वाद वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो प्रोग्रामरांपुरता ठेवण्याजोगा नाही, कारण या यादीत आता आपल्या जमिनी आहेत. गोव्यातल्या पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या माणसाच्या दृष्टीने एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावरचे एक अक्षर किती सहज बदलता येते, याचे उत्तर बँकेच्या कर्जापासून भावांच्या वाटणीपर्यंत सगळीकडे पोचते. म्हणून या प्रश्नाचा आढावा जमिनीच्या नोंदींच्या अंगाने घेतो आहे. कोणा एका कार्यालयातल्या सॉफ्टवेअरचे परीक्षण करण्याचा हेतू नाही.

कागदावरची रीत

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली आले. त्यामुळे इथल्या जमिनीच्या कागदांत मोडी आणि मराठी दस्तऐवज, पोर्तुगीज भूनोंदणी आणि करासाठीची मात्रिझ असे थर एकावर एक साचले. मुक्तीनंतर गोवा जमीन महसूल संहिता १९६८ मध्ये आली, १९७०च्या दशकात गावोगाव सर्वेक्षण झाले आणि हक्कनोंदीला आजचे रूप मिळाले. तोच नमुना १ व १४, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘एक-चौदा’ किंवा ‘वन फोर्टीन’.

हा उतारा नीट पाहिला तर तो स्वतःच एक यादी आहे. वर तालुका, गाव, शेताचे नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. त्याखाली क्षेत्राची विभागणी: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड आणि पोटखराब. मग कब्जेदारांची नावे, प्रत्येकापुढे खाते क्रमांक, फेरफार क्रमांक आणि शेरा. मग कुळाची नावे, मग इतर हक्क. फेरफार क्रमांकाचा रकाना छोटा, पण या लेखाच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. हे नाव इथे कशाच्या आधारे आले ते तो सांगतो. जुन्या कागदी पद्धतीत कारकुनाला नाव खोडून त्या जागी दुसरे लिहिता येत नसे. आधी फेरफाराच्या वहीत नोंद, मग संबंधितांना नोटीस, हरकत आली तर सुनावणी, अधिकाऱ्याची मंजुरी, आणि त्यानंतर उताऱ्यावर बदल. सीमेपलीकडे सावंतवाडी-दोडामार्गात सातबाऱ्यावरच्या जुन्या नावाला कंस करत आणि नवे नाव खाली लिहीत. जुने नाव वाचता येईल असेच राही.

गोव्याच्या संहितेच्या १०५व्या कलमाप्रमाणे हक्कनोंदीतली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. नोंद म्हणजे मालकी नव्हे, असे न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केले आहे. तरीही विरुद्ध सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर येतो त्याची वर्षे त्यात जातात. नोंद न बदलण्यानेही वर्षे जातात, हे डिचोली तालुक्यातल्या मये गावाला ठाऊक आहे. तिथली जमीन मुक्तीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता ठरली, १९६४च्या कायद्याखाली कस्टोडियनच्या अखत्यारीत गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, कसणाऱ्या लोकांच्या नावावर ती होण्याची वाट मोकळी करणारा कायदा येण्यास २०१४ साल उजाडले. त्यानंतरही सनदा मिळण्याचे काम टप्प्याटप्प्यानेच पुढे सरकले. नोंद बदलणे अवघड असावे की सोपे, या प्रश्नाला एकच एक उत्तर देणाऱ्याने मये डोळ्यांसमोर ठेवावे.

पडद्यावरची यादी

संगणकावर यादीतच बदल करण्याची सोय वेबच्या आधीपासूनची आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिसीकॅल्क हे स्प्रेडशीट १९७९ मध्ये आले तेव्हापासून तक्त्यातल्या चौकटीत थेट लिहिणे लोकांच्या हाती बसले. डीबेस या नोंदी साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ब्राउझ’ ही आज्ञा दिली की नोंदींचा तक्ता पडद्यावर येई आणि बाणांच्या कळांनी फिरत कोणताही रकाना बदलता येई. त्याच वळणाच्या फॉक्सप्रोवर काम केलेले अनेक कर्मचारी अजून सेवेत आहेत. नव्या वेब प्रणालीबद्दल त्यांची पहिली तक्रार हीच असते, की पूर्वी जे एका ओळीत होत होते त्यासाठी आता तीन पाने उघडावी लागतात.

तक्रार खरी आहे. वेबने या बाबतीत पाऊल मागे टाकले होते. एचटीएमएलमधले फॉर्म १९९५ मध्ये प्रमाणित झाले, आणि प्रत्येक फॉर्म पाठवला की सर्व्हरकडून नवे पान येणार ही त्यांची मूळ घडण. यादी एक पान, नोंद दुसरे पान, ‘सेव्ह झाले’ तिसरे पान. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची सोय दिली, आणि जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये त्या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिल्यावर ती सर्वतोमुखी झाली. पुढची पाच वर्षे यादीतल्या दुरुस्तीच्या भरभराटीची. गूगलची वेबवरची स्प्रेडशीट २००६ मध्ये आली. वर्डप्रेसने २००८च्या २.७ आवृत्तीत लेखांच्या यादीतच ‘क्विक एडिट’ दिले. जँगो या पायथॉनमधल्या चौकटीने २००९च्या १.१ आवृत्तीत व्यवस्थापनाच्या यादीपानावर ठरावीक रकाने बदलण्याजोगे करण्याची सोय आणली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या एअरटेबलसारख्या कंपन्यांनी तर यादी हेच मुख्य पान मानले.

जँगोची रचना दोन बारकाव्यांसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे सगळी यादी आपोआप बदलण्याजोगी होत नाही. कोणते रकाने उघडे ठेवायचे हे प्रोग्रामरला एकेक नाव लिहून सांगावे लागते, आणि ज्या रकान्यावर क्लिक केल्यावर पूर्ण नोंद उघडते तो रकाना उघडा ठेवताच येत नाही. दुसरे, सेव्हचे बटण साऱ्या पानाला मिळून एक. पहिला बारकावा शहाणपणाचा आहे. दुसऱ्यातून उद्भवणाऱ्या अडचणीकडे पुढे येऊ.

तिथल्या तिथे बदलाच्या बाजूने

या बाजूचा सैद्धांतिक आधार संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या ‘थेट हाताळणी’च्या कल्पनेत आहे. जी वस्तू बदलायची ती डोळ्यांसमोर असावी, कृती तिच्यावरच व्हावी आणि परिणाम लगेच दिसावा. संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांनी आयुष्यभर ‘आता तुम्ही बदलाच्या अवस्थेत आहात, आता नाही’ अशा अवस्थांविरुद्ध मोहीम चालवली, तीही याच दिशेची.

कार्यालयातला युक्तिवाद अधिक ठोस आहे. समजा एका गावच्या शंभर नोंदींत पिनकोड चुकला आहे. स्वतंत्र पानाच्या पद्धतीत शंभरदा उघडा, बदला, सेव्ह करा, मागे या. आणि मागे आल्यावर यादी पुन्हा पहिल्या ओळीवर जाऊन बसलेली असते, कुठवर आलो ते शोधा. यात वेळ जातोच, शिवाय एखादी ओळ सुटते. यादीत काम करणाऱ्याला वरची आणि खालची ओळ दिसत असते. एका सर्व्हे नंबरच्या सहा हिश्श्यांपैकी पाचांत गावाचे नाव एका पद्धतीने आणि सहाव्यात दुसऱ्या पद्धतीने लिहिले असेल तर ते यादीतच उमजते, सुट्या पानावर कधीच नाही. चूक जिथे दिसते तिथेच ती सुधारावी, ही मागणी मला रास्त वाटते. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क जात-येत असताना चाळीस रकान्यांचा भरलेला फॉर्म हातचा जाण्यापेक्षा एकेक रकाना सेव्ह होत जाणे बरे, असेही या बाजूचे लोक म्हणतात.

पेडण्यातल्या मोपा विमानतळासारख्या प्रसंगी गरज आणखी मोठी होते. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या गावांतली जमीन संपादित झाली की असंख्य हिश्श्यांत एकाच आदेशान्वये एकाच प्रकारचा बदल करावा लागतो. अशा वेळी एकेक पान उघडायला लावणारी प्रणाली काम लांबवते, आणि लांबलेल्या काळात उतारा एक सांगतो नि जमिनीची स्थिती दुसरी असते.

स्वतंत्र पानाच्या बाजूने

विरुद्ध बाजूचा पहिला मुद्दा असा की यादीत पूर्ण नोंद दिसत नाही. यादीत सहा रकाने, नोंदीत तीस. कब्जेदाराचे नाव बदलणाऱ्याला त्याच नोंदीतल्या ‘इतर हक्कां’त सोसायटीचा बोजा आहे, कुळाच्या रकान्यात नाव आहे, किंवा दावा चालू असल्याचा शेरा आहे, हे दिसले पाहिजे. स्वतंत्र पान हे सगळे समोर मांडते आणि क्षणभर थांबायला लावते.

दुसरा मुद्दा रकान्यांच्या परस्परसंबंधाचा. जिरायतीचे क्षेत्र वाढवले तर बागायत, तरी किंवा पोटखराब कुठेतरी तेवढे कमी झाले पाहिजे, कारण हिश्श्याचे एकूण क्षेत्र तेवढेच आहे. एकेक रकाना सुटा सेव्ह होत असेल तर पहिला रकाना बदलल्यापासून दुसरा बदलेपर्यंत नोंद चुकीची असते, आणि नेमक्या त्याच वेळी कोणी उतारा काढला तर चुकीचा उतारा बाहेर पडतो. प्रणालीने बेरीज जुळेपर्यंत सेव्हच करू द्यायचे नाही असे ठरवले, तर एकच रकाना उघडा ठेवण्यात अर्थ उरत नाही.

तिसरा मुद्दा अपघाताचा. यादी हे वाचण्याचे पान. तिथे माणूस सरकवत, शोधत, कॉपी करत असतो. क्लिक चुकते, कळ दाबली जाते, आणि रकान्याबाहेर पडताच सेव्ह करणारी प्रणाली ती चूक गुपचूप स्वीकारते. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, ज्यांची २.० आवृत्ती २००८ मध्ये आली, यासाठी स्पष्ट कलम आहे: कायदेशीर किंवा आर्थिक परिणाम करणारी माहिती बदलताना बदल मागे घेता यावा, किंवा तो तपासून चूक सुधारण्याची संधी मिळावी, किंवा पक्का करण्याआधी फेरनजर टाकून पुष्टी देता यावी. तिन्हींपैकी एक तरी हवेच. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वेही याच निकषांना धरून आहेत.

इथे श्नायडरमनकडे पुन्हा वळावे लागते. त्यांच्या थेट हाताळणीच्या व्याख्येतच कृती छोट्या, झटपट आणि *उलटवता येण्याजोग्या* असाव्यात ही अट आहे. यादीतल्या दुरुस्तीचे समर्थक पहिल्या दोन गोष्टी मांडतात आणि तिसरी गाळतात, असे या क्षेत्रातली चर्चा वाचताना वारंवार दिसते. तिसरी गाळली की बाकीच्या दोन धोक्याच्या होतात.

नावाच्या रकान्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. गोव्याच्या उताऱ्यात मथळे मराठीतही असले तरी कब्जेदारांची नावे रोमन लिपीत असतात, आणि त्यांतली कित्येक पोर्तुगीज वळणाने लिहिलेली. परब हे पोरोब किंवा पोरोबो होतात, कामत हे कामोतीं, नाईक वेगळ्याच अक्षरांनी संपतात. आजच्या आधार कार्डावर ‘परब’, आजोबांच्या उताऱ्यावर ‘पोरोबो’. टेबलावर बसलेल्या माणसाला ही निव्वळ स्पेलिंगची चूक वाटेल आणि यादीत ती पाच सेकंदांत सुधारताही येईल. पण पोरोबो आडनावाची दोन घरे एकाच वाड्यावर असतील आणि दोघांच्या आजोबांचे नाव एकच असेल, तर ही दुरुस्ती कारकुनी आहे की हक्काची, हे रकाना पाहून कळणारच नाही. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९०चा स्वतंत्र कायदा आहे, तो उगाच नाही.

दोन हात, एक नोंद

या वादातला सगळ्यात तांत्रिक भाग हाच, आणि सर्वात कमी समजून घेतलेलाही. म्हणून जरा सावकाश.

एक कर्मचारी सकाळी दहाला शंभर ओळींची यादी उघडतो. दहा वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्या टेबलावरचा सहकारी चाळिसाव्या ओळीतला पत्ता सुधारतो. पहिल्याच्या पडद्यावर मात्र चाळिसाव्या ओळीत अजून जुनाच पत्ता आहे. दहा वीसला पहिला तिसरी ओळ बदलतो आणि पानाच्या तळाचे सेव्ह दाबतो. बटण साऱ्या पानाचे आहे, त्यामुळे शंभरही ओळी सर्व्हरकडे जातात. सर्व्हर आलेली ओळ आणि आत्ता साठ्यात असलेली ओळ यांची तुलना करतो. चाळिसाव्या ओळीत त्याला फरक दिसतो, तो या माणसाने बदल केला असे समजतो आणि जुना पत्ता पुन्हा लिहून टाकतो. सहकाऱ्याची दुरुस्ती गेली. कोणालाही सूचना नाही, कोणाचीही चूक नाही, आणि इतिहास पाहिला तर बदल पहिल्याच्या नावावर. जँगोच्या यादीपानाबद्दल अनेकजण एकाच वेळी काम करतात तेव्हाच्या अडचणीची तक्रार सोय आल्यावर लवकरच नोंदली गेली होती, आणि त्या तक्रारीतला दोष पुढे सुधारलाही गेला. पण ही घडण वापरणाऱ्या प्रत्येक प्रणालीने स्वतः काळजी घ्यावी लागते.

उपाय माहीत आहेत. एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये जी ‘आशावादी’ पद्धत मांडली तिच्यात कोणालाही अडवत नाहीत. लिहिण्याच्या क्षणी मात्र तपासतात की आपण वाचल्यानंतर ही नोंद कोणी बदलली का. व्यवहारात प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक देतात. यादीतल्या ओळीबरोबर तो क्रमांक पाठवायचा, आणि जुळला नाही तर नकार द्यायचा. वेबच्या मूळ नियमांतही यासाठी जागा आहे: अट पुरी झाली नाही तर ४१२ क्रमांकाचे उत्तर. दुसरी पद्धत कुलपाची: मी उघडलेली नोंद माझे होईपर्यंत इतरांना बंद. स्वतंत्र पानावर ती चालते. यादीत ती मोडते, कारण यादी उघडणारा शंभर नोंदी अडवून जेवायला जाऊ शकतो.

गूगलच्या शीटसारखी तिसरी वाट म्हणजे सर्वांना एकमेकांचे बदल लगोलग दिसत राहणे. टिपणांसाठी ती उत्तम. हक्कनोंदीत दोन माणसांच्या दोन वेगवेगळ्या दाव्यांचे यंत्राने जुळवून दिलेले मिश्रण कोणालाच नको असते.

जुनी नोंद कुठे जाते

गेल्या काही वर्षांत चर्चेचा भर बदलला आहे, आणि मला तो बदल योग्य वाटतो. कुठल्या पानावर बदल केला यापेक्षा आधी काय होते, कोणी बदलले, केव्हा आणि कशाच्या आधारे, हे उरते का, याकडे लक्ष वळले आहे. औषधनिर्मितीत हे लवकर घडले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या १९९७च्या नियमांत इलेक्ट्रॉनिक नोंद बदलताना आधीची माहिती झाकली जाता कामा नये असे सांगितलेले आहे, आणि अमेरिकेला औषधे पाठवणाऱ्या कारखान्यांना तो नियम पाळावा लागतो. भारतात कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा बंद न करता येणारा माग ठेवणे सक्तीचे आहे. दुकानदार आणि लेखापालांनी त्यामुळे ‘एडिट लॉग’ हा शब्द आपलासा केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून आणताना प्रमाणपत्र लागते, आणि त्यात नोंदीचा हॅश, म्हणजे अंकीय ठसा, द्यावा लागतो.

महाराष्ट्राचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. हस्तलिखित सातबारा आणि संगणकीय सातबारा यांत तफावती निघाल्या तेव्हा त्या जुळवण्यासाठी ‘एडिट मॉड्यूल’ दिले गेले. मग २०१७च्या सुमारास गावोगाव चावडी वाचन झाले, लोकांसमोर उतारे वाचले गेले, आणि उरलेल्या चुकांसाठी ‘री-एडिट’ची फेरी झाली. त्यानंतर लेखनप्रमादाच्या दुरुस्त्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५५व्या कलमाखाली तहसीलदाराच्या आदेशानेच करायच्या, अशी घडी बसली. म्हणजे मुक्त दुरुस्तीची खिडकी काही काळ उघडली, गावासमोर पडताळली आणि मग बंद केली. चावडी वाचनाचा टप्पा मला यात सर्वात मोलाचा वाटतो, कारण यादी तपासणारे डोळे कार्यालयाबाहेरचे होते.

माग ठेवण्यानेच सगळे भागते असेही नाही. गोव्यात बनावट दस्त पुढे करून जमिनी लाटल्याची प्रकरणे उघड झाल्यावर २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमण्यात आला. चर्चेतल्या प्रकरणांचा मोठा भाग बार्देश तालुक्यातला होता. तिथे मुळातला कागदच खोटा असल्याचा आरोप होता. नोंद कुठल्या पडद्यावर बदलली याने काही फरक पडला नसता. पायऱ्या वाढवल्या की सुरक्षितता आपोआप वाढते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

मधले मार्ग

दोन्ही टोकांच्या मध्ये आज चार रचना वापरात आहेत. ओळीला ‘बदला’ म्हटल्यावर तेवढीच ओळ उघडते आणि तिचे स्वतःचे ‘सेव्ह’ व ‘रद्द’ असते. ही पहिली, कमी धोक्याची. दुसरीत ओळ निवडली की बाजूला पट्टी उघडते, पूर्ण नोंद तिथे दिसते आणि यादी जागची हलत नाही. या रचनेचे कौतुक वाढते आहे, आणि मोठ्या पडद्यावर ते रास्तही आहे. तिसरीत अनेक ओळी निवडून एकच बदल लावतात, आधी ‘इतक्या नोंदी बदलणार’ असे दाखवून.

जमिनीच्या नोंदींना सर्वात जवळची रचना चौथी: यादीत बदल करता येतो, पण तो मूळ नोंदीत जात नाही, प्रस्ताव म्हणून वेगळा साठतो. रकान्यात जुने आणि नवे दोन्ही दिसतात. अधिकारी प्रस्ताव पाहतो, आधाराचा कागद तपासतो, मंजूर करतो. मग क्रमांक पडतो. नीट पाहिले तर ही फेरफाराचीच वही आहे. हक्काच्या रकान्यांसाठी हीच रचना योग्य, असे या सगळ्या वाचनानंतर माझे मत झाले आहे. तिच्यावरचा आक्षेपही खरा आहे. शंभर प्रस्ताव साचले की ‘सर्व मंजूर’ हे बटण मागितले जाते, आणि ते दिले की तपासणी नावापुरती उरते.

बोटे, कळा आणि लिपी

यादीतल्या दुरुस्तीच्या चर्चेत मराठी टंकलेखनाचा विचार फारसा नसतो. उच्चारानुसारी कीबोर्डवर शब्दांचे पर्याय सुचतात आणि एंटर किंवा बाणाच्या कळेने त्यांतला एक निवडायचा असतो. तक्त्यातही एंटर म्हणजे ‘सेव्ह करून खाली जा’. दोन्ही एकदम आले की अर्धा शब्द सेव्ह होतो. लिहिणारा अजून शब्द जुळवतो आहे हे ब्राउझर प्रोग्रामला सांगू शकतो. प्रोग्रामने विचारले पाहिजे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ही अडचण येत नाही. दुसरी अडचण अदृश्य आहे. ‘कऱ्हाड’मधला ऱ दोन वेगळ्या संकेतक्रमांनी साठवता येतो. डोळ्यांना शब्द एक, यंत्राला दोन. यादीत एकाने सुधारलेले नाव दुसऱ्याला शोधून सापडत नाही.

मोबाईलवर तलाठी शेतात उभा राहून काम करत असेल तर सहा रकान्यांच्या ओळीवर बोट नेमके टेकवणे कठीण. सुलभता निकषांच्या २०२३च्या २.२ आवृत्तीत स्पर्शाच्या जागेसाठी किमान माप दिले आहे, पण दाट तक्त्याला ते पाळणे जड जाते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधने वापरणाऱ्या अंध कर्मचाऱ्यांसाठी तक्त्यातली दुरुस्ती कळांनी पूर्ण करता यावी याचे आराखडे उपलब्ध आहेत. ते पाळायला प्रोग्रामरचा वेळ लागतो आणि निविदेत त्याचा उल्लेख नसतो.

न सुटलेले प्रश्न

काही गोष्टींवर एकमत दिसत नाही. यादी नावाप्रमाणे लावलेली असताना नावच बदलले तर ओळ लगेच नव्या जागी उडी मारावी का? मारली तर काम करणारा गोंधळतो, न मारली तर यादीचा क्रम खोटा ठरतो. यादीत फक्त ‘मांद्रे’ गावाच्या नोंदी पाहत असताना एका ओळीचे गाव बदलले, तर ती ओळ डोळ्यांसमोरून नाहीशी व्हावी का? बहुतेक जाणकार ती क्षणभर ठेवून मग हलवण्याच्या बाजूचे आहेत, पण किती वेळ, यावर कोणी ठाम नाही.

त्याहून अवघड प्रश्न सामूहिक बदल मागे घेण्याचा आहे. दोनशे नोंदी एका आदेशाने बदलल्या, आठवड्याने आदेशच चुकीचा ठरला, आणि मधल्या काळात त्यांतल्या वीस नोंदींवर वेगळे, खरे बदल झाले. सगळे उलटवावे तर वीस खरे बदल जातात. यंत्राकडे याचे उत्तर नाही, माणसाला वीसही नोंदी पाहाव्याच लागतात.

एकच लॉगिन दोघांनी वापरल्यास माग कोणाचा, हा प्रश्न सॉफ्टवेअरचा कमी आणि शिस्तीचा अधिक आहे. आणि ज्याची नोंद बदलली त्याला कसे कळवायचे? महाराष्ट्रात फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. पण ‘कारकुनी दुरुस्ती’ म्हणून झालेल्या बदलाची खबर नोंदधारकाला लगेच मोबाईलवर जावी का, यावर धोरण ठरायला हवे. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याने केलेली दुरुस्ती कळण्याचा हक्क त्याच्या जोडीला हवा, असे मला वाटते.

माझा निष्कर्ष रकान्यांपुरता आहे. पिनकोड, फोन क्रमांक, घरपत्ता, कार्यालयीन शेरा हे यादीत खुशाल बदलू द्यावेत, आवृत्तीचा क्रमांक तपासून आणि माग ठेवून. क्षेत्राचे रकाने एकत्र, पूर्ण नोंद समोर ठेवूनच बदलावेत. कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क यांना यादीतून फक्त प्रस्ताव जावा, फेरफार क्रमांकाशिवाय काहीही नाही. पुढच्या वेळी जेव्हा तालुका कार्यालयासाठी नव्या प्रणालीची निविदा लिहिली जाईल, तेव्हा ‘एडिट करण्याची सोय’ अशी एक ओळ न टाकता प्रत्येक रकान्यापुढे हे लिहावे. आणि वाचकांनी आपला एक-चौदाचा उतारा एकदा काढून आपल्या नावापुढचा फेरफार क्रमांक पाहावा. तो रिकामा किंवा अनोळखी असेल, तर फेरफाराच्या नोंदीची नक्कल मामलेदार कार्यालयातून मागून घ्यावी.